बायोमटेरियल्समध्ये यायचंय? आधी एक पदार्थ नीट हाताळा

एमएस्सी संपवून बायोमटेरियल्समध्ये, म्हणजे शरीरात किंवा शरीरावर वापरायच्या पदार्थांच्या क्षेत्रात, येणारी मुलं मला आधी विषयाबद्दल विचारतात: जखमेवरचं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल) घेऊ, की औषध वाहून नेणारे नॅनोकण? मी म्हणते, विषय नंतर ठरवा, आधी एका पदार्थावर हात बसू द्या. मी कायटोसान सुचवते. कोळंबीच्या टरफलांपासून बनतो, स्वस्त आहे आणि खूप काही शिकवतो.

साध्या पाण्यात तो विरघळत नाही. १ टक्का अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळतो, कारण आम्लात त्याच्या अमिनो गटांवर धन प्रभार येतो. मग स्टररवर फिरत्या द्रावणात सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट थेंबाथेंबाने सोडायचं. ऋण प्रभाराचं फॉस्फेट साखळ्यांना एकत्र बांधतं आणि नितळ द्रावणावर दुधी, निळसर झाक चढते. कण तयार होत असल्याची ती खूण. तळाशी गाळ बसला, तर बहुधा फॉस्फेट जास्त झालेलं असतं. बाटलीवरचं डीअ‍ॅसिटिलेशनचं प्रमाण (किती अमिनो गट मोकळे आहेत ते) आणि रेणुभार वहीत लिहाच. नवी बाटली उघडल्यावर कणांचा आकार बदलला, तर कारण बरेचदा तिथेच सापडतं.

खरा कस लागतो पेशींवर. उरलेलं आम्ल नीट काढलं नाही तर पेशी मरतात आणि दोष पदार्थाच्या माथी येतो. एमटीटी, म्हणजे रंगावरून जिवंत पेशींचा अंदाज घेणारी चाचणी, करताना पेशींशिवाय नुसत्या कणांचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) हवाच. काही कण स्वतःच त्या रंगाच्या मोजणीत घोळ घालतात. औषध सोडण्याच्या आलेखात सुरुवातीलाच उंच उडी दिसली, तर बरंचसं औषध कणांच्या पृष्ठभागावरच चिकटलेलं असण्याची शक्यता मोठी. असा आलेख दिसला की मला पुढचं काही वाचवत नाही, आधी त्याचं उत्तर हवं असतं.

चिकाटी म्हणजे काय ते पाहायचं असेल, तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा हृदयाचा कृत्रिम व्हॉल्व्ह अभ्यासा. आधीची मॉडेलं फसली, पण माणसं थांबली नाहीत. १९९० मध्ये तो पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवला गेला.

प्रवेशासाठी २०२० पासून गेट या परीक्षेत बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. गाइड निवडताना मात्र त्यांच्या रिसर्च पेपरांच्या यादीआधी तिथल्या सीनियर विद्यार्थ्यांना गाठा. पेशी वाढवायची कल्चर रूम लॅबची स्वतःची आहे का, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना समितीची मंजुरी मिळायला किती वेळ लागतो, एवढं तरी विचारूनच अर्ज भरा.