त्वचा कशी झडते नि नवी येते, याचं छोटं मॉडेल घरच्या कॉम्प्युटरवर कसं बनवायचं

पायथनच्या लिस्ट नि लूप येत असतील तर हे दोन तासांत होतं. मी पहिल्यांदा सरळ लिहिलं होतं की पेशी 28 दिवसांची झाली की काढून टाका, आकडा अगदी बरोबर यायचा पण बाकी काहीही बदललं तरी त्याला फरकच पडत नव्हता, म्हणजे उत्तर मीच आत भरून ठेवलेलं. त्वचेच्या वरच्या थराची जाडी तुम्ही ठरवायची नाही, ती मॉडेलमधून आली पाहिजे.

आधी 20 कॉलम घ्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या पेशींच्या उभ्या रांगा. पेशी वर येताना चपट्या आणि रुंद होतात म्हणून प्रत्येक कॉलमखाली दहाएक बेसल पेशी (त्वचेच्या तळाच्या थरातल्या, विभागणाऱ्या पेशी) धरा. रोज प्रत्येक बेसल पेशीला वर निघायचा चान्स 10 मध्ये 1, आणि ती गेली की शेजारची विभागून जागा भरते (उंदरांच्या त्वचेत असंच दिसलंय, आधी एक निघते मग शेजारची विभागते). दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रँडम ठेवल्या तर काही दिवसांनी कॉलम रिकामा तरी होतो नाहीतर फुगतो.

निघालेली पेशी 14 दिवस जिवंत थरांत, मग वरच्या मेलेल्या थरात. तिथे तिला 100 चा डिंक द्या. खरा डिंक म्हणजे कॉर्निओडेस्मोसोम, पेशींना धरून ठेवणारी प्रोटीनची बटणं, जी एन्झाइम हळूहळू कापतात. रोज 7 कमी करा, शून्याखाली गेला की पेशी झडली.

पहिले 40 दिवस फेकून द्या, तोवर थर भरतच असतो. मग एका कॉलमच्या मेलेल्या थरात किती पेशी आहेत त्याची सरासरी काढा, साधारण 15 थर येतील कारण प्रत्येक कॉलममध्ये रोज सरासरी एक पेशी येते आणि 15 दिवस टिकते. खऱ्या त्वचेतही बहुतेक ठिकाणी 15-20 थर असतात, हे जुळलेलं बघून मला फार बरं वाटलं होतं!

आता 7 चे 14 करा, जाडी 8 वर येते. नेदरटन सिंड्रोम या त्वचेच्या दुर्मिळ जन्मजात आजारात एन्झाइमला आवर घालणारं प्रोटीनच नीट नसतं आणि वरचा थर असाच लवकर सुटतो. सोरायसिसमध्ये पेशी फार वेगाने बनतात आणि वर येतात, त्यासाठी डिंकाची रोजची घट परत 7 वर आणा, चान्स दुप्पट करा, 14 चे 4 दिवस करा, थर 30 पर्यंत चढतो.

शेवटी बाजूच्या कॉलमशीही डिंक जोडा. खालून सुटलेली पेशी शेजारणीला चिकटून असेल तर तीही सुटेपर्यंत थांबते आणि दोघी एकदम जातात. किती पेशींचा गठ्ठा गेला ते रोज मोजा, एकट्यादुकट्या पेशी डोळ्यांना दिसतच नाहीत, गठ्ठे मोठे झाले की त्यालाच आपण कोंडा म्हणतो.