वजन उतरवताना वरण-भात, साबुदाण्याची खिचडी आणि फरसाणाचा डबा

वजन कमी करायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच तूप घातलेला वरण-भात, चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी, पावसातली कांदाभजी आणि चहात बुडवलेली खारी आठवायला लागते. हे सगळं एकदम बंद केलं तर दोन-तीन आठवडे निभतं. मग एखाद्या संध्याकाळी चिवड्याचा डबा मांडीवर येतो तो तळ दिसल्यावरच उतरतो. खिचडीच्या जागी ओट्स आणि लाडवाच्या जागी नाचणीची बिस्किटं ठेवून फारसं साधत नाही. ती खाऊन होतात, जीभ तशीच राहते, आणि तासाभराने मूळ पदार्थही खाल्ला जातो.

त्यापेक्षा त्या पदार्थात आपला जीव नेमका कशात आहे ते बघावं. वरण-भातात तो गरम भातावर वितळणाऱ्या तुपाच्या वासात असतो, मिसळीत तर्री आणि फरसाणाच्या कुरकुरीतपणात, खारीत ती चहात भिजून जिभेवर विरघळण्यात. तेवढं पुरेपूर ठेवायचं आणि जे चवीला कळतही नाही ते कमी करायचं. पुढची मापं एका माणसाची आहेत, आणि चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट भरलेला. स्वयंपाकघरात एक साधा डिजिटल वजनकाटा आणि मापाचे चमचे असावेत. ‘अंदाजे पळीभर’ म्हणून घातलेलं तेल एका घरात १० ग्रॅम असतं, दुसऱ्या घरात ३०.

भूक की तलफ?

दुपारी चार ते सात ही वेळ सगळ्यात कठीण. खा-खा सुटली की स्वतःला एकच प्रश्न विचारा: आत्ता समोर ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी आली तर खाईन का? ‘हो’ असेल तर ती भूक आहे. तिला चिवड्याने भागवू नका, नीट काहीतरी खा: वाटीभर मोड आलेल्या मुगाची उसळ, दोन उकडलेली अंडी, किंवा दही आणि मूठभर भाजलेले चणे. रोजच असं होत असेल तर दोष दुपारच्या डब्यात आहे. तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी असा डबा असला की प्रथिनं कमी पडतात आणि चारला पोट ओरडतं. एक पोळी काढून त्या जागी वाटीभर घट्ट आमटी किंवा उसळ घाला. आठवड्याभरात संध्याकाळ सोपी होते.

उत्तर ‘नाही, मला फक्त शेवच हवी’ असं आलं तर ती तलफ. ती बहुतेक वेळा लाटेसारखी येते आणि ओसरते, म्हणून वीस मिनिटं जाऊ द्या. पाणी प्या, एक फोन करा, जिना उतरून या. तरी राहिलीच तर मापात खा आणि बसून खा. अपुरी झोप झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी गोड-तेलकट जास्त खुणावतं ते उगाच नाही. त्या दिवशी डबा थोडा मोठाच न्यावा.

ज्यांचं इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे वीस मिनिटांचं प्रकरण करू नये. घाम, थरथर, गरगरणं असेल तर ती तलफ नसते, साखर उतरलेली असते. आणि वारंवार लपून, पोट दुखेपर्यंत, थांबावंसं वाटूनही थांबता येत नाही असं खाणं होत असेल तर मापाचे चमचे बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोलावं. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठी आहे.

वरण-भात

४० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम तूरडाळ, १ चमचा तूप. हे सगळं मिळून २९० कॅलरीच्या आसपास जातं. तांदूळ आंबेमोहोर किंवा इंद्रायणीच घ्या. ब्राऊन राइसच्या कॅलरी जवळपास तेवढ्याच असतात आणि वरण-भाताची मजा जाते. डाळ मऊ शिजवून घोटा. हळद, हिंग, मीठ आणि गुळाचा छोटा खडा घाला. फोडणी नको. वरण दाटच ठेवा. पातळ केलं की ते संपवायला आणखी भात लागतो.

तूप वरणाच्या पातेल्यात घातलं तर ते सगळ्यात मिसळून जातं आणि आणखी घालावंसं वाटतं. ताटात भाताची मूद पाडा, वर गरम वरण, त्यावर तूप, कडेला लिंबू. वाफेबरोबर तुपाचा वास नाकाशी आला की तो एक चमचा तीन चमच्यांचं काम करतो. मात्र तूप पातळ करून मोजा. थंडीत थिजलेलं रवाळ तूप चमच्यावर डोंगरासारखं येतं, आणि ‘एक चमचा’ म्हणता म्हणता १२-१५ ग्रॅम होतं.

मूद पाडणं हे आपल्याकडचं आयतं माप आहे. दीडशे मिलीची वाटी दाबून भरली की ४० ग्रॅम तांदळाचा शिजलेला भात मावतो. ज्या जेवणात वरण-भात आहे त्यात पोळी घेऊ नका. दोन पोळ्या-भाजी झाल्यावर ‘शेवटी थोडा भात’ आणि त्यावर ‘ताकाला थोडा भात’, इथेच हिशेब फसतो. भाजी आणि कोशिंबीर मात्र हवी तेवढी.

साबुदाण्याची खिचडी

एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण खरी होते ती याच पदार्थामुळे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यात प्रथिनं नगण्य. तरी त्याहून जड असतं ते त्याच्या सोबतीचं. ८० ग्रॅम साबुदाणा, ४० ग्रॅम दाण्याचं कूट, एक मध्यम बटाटा आणि ३० ग्रॅम तूप अशा भरल्या बशीत ८००च्या वर कॅलरी असतात. वजन उतरवणाऱ्या बऱ्याच जणांचा तो अर्ध्या दिवसाचा कोटा झाला.

बदललेलं माप असं: साबुदाणा ४० ग्रॅम, कूट १५ ग्रॅम, उकडलेला बटाटा ५० ग्रॅम, तूप २ चमचे. साधारण ३६० कॅलरी. बशी अर्धी दिसेल, म्हणून बाजूला वाटीभर दह्यातली काकडीची कोशिंबीर घ्या. कोशिंबिरीत कूट घालायचं तर ते त्या १५ ग्रॅममधूनच.

तूप कमी केलं की खिचडीचा गोळा होतो ही नेहमीची तक्रार. कारण बहुतेक वेळा भिजवण्यात असतं. साबुदाणा तीन पाण्यांतून धुवा, पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत. वरची ही पिठी राहिली तर तीच चिकटते. मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून झाका. पाचेक तासांनी दाणा बोटांत दाबून बघा: मधे कणी न लागता चिरडला पाहिजे आणि पातेल्याच्या तळाशी पाणी दिसता कामा नये. दिसलं तर चाळणीत निथळा आणि फडक्यावर वीस मिनिटं पसरा.

कूट, मीठ आणि चिमूटभर साखर साबुदाण्याला आधीच चोळून ठेवा. कुटाचा थर दाण्यादाण्याभोवती बसला की दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून तूप कमी चालतं. कूट फार बारीक नको. मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवलं तर त्याचा लगदा होतो. जाड बुडाच्या कढईत दीड चमचा तूप, जिरं, मिरची, बटाट्याच्या फोडी, मग साबुदाणा. मध्यम आचेवर तळातून हलक्या हाताने चार-पाच मिनिटं परता. दाणे पारदर्शक व्हायला लागले की गॅस बंद, दोन मिनिटंच झाकण. जास्त वेळ झाकलं तर वाफेचं पाणी आत पडतं. पारदर्शक झाल्यावरही परतत राहिलात तर चिवट गोळा. उरलेला अर्धा चमचा तूप बशीत घेतल्यावर वरून.

दाण्याच्या आमटीबद्दल एक सूचना. ‘भगर हलकी’ म्हणून वरीचा भात घेतात आणि त्यावर दोन वाट्या आमटी ओततात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. आमटी ताकात कालवून पातळ करा आणि एका माणसाला २० ग्रॅम कूट पुरे करा.

फरसाणाचा डबा

शेव, चिवडा, बाकरवडी, चकली, सगळ्यांचा हिशेब शंभर ग्रॅमला ५०० ते ५५० कॅलरी. आणि हे शंभर ग्रॅम म्हणजे मालिकेचा एक भाग. घरी भाजून केलेल्या पातळ पोह्यांच्या चिवड्याला ‘डाएट चिवडा’ म्हणतात, ती स्वतःची फसवणूक आहे. १०० ग्रॅम पोहे, ४ चमचे तेल, १५ ग्रॅम शेंगदाणे, १५ ग्रॅम डाळं घेतलं तरी शंभर ग्रॅमला साडेचारशेच्या वर कॅलरी पडतात. वाचवतं ते माप: २५ ग्रॅम, सव्वाशेच्या आत.

२५ ग्रॅमच्या पुड्या किंवा छोट्या डब्या आधीच, पोट भरलेलं असताना भरून ठेवा. रिकाम्या पोटी भरायला बसलात तर अर्धा चिवडा तिथेच संपतो. खाताना वर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू घालून भेळेसारखा करा. वाटी भरते आणि चावत खावं लागतं. घरचा चिवडा मऊ पडला तर मिरची किंवा कढीपत्ता अर्धवट तळला गेलेला असतो. त्यातलं पाणी पोह्यांत जातं, आणि मऊ पडलेला चिवडा ‘संपवायचा’ म्हणून जास्त खाल्ला जातो.

चहा

चहा सोडायची गरज नाही. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेसाठी २५ ग्रॅम ही आदर्श मर्यादा सुचवते. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. एकदम बंद केली तर तिसऱ्या दिवशी बिस्किटांचा पुडा फुटतो. आलं आणि गवती चहा मात्र वाढवा. गुळाचा चहा हा बदल नव्हे, गुळाच्या कॅलरी साखरेच्या आसपासच असतात. खारी हवी असेल तर एक, बशीत काढून, पुडा परत कपाटात गेल्यावर.

मिसळ, वडापाव, भजी

घरच्या मिसळीत मटकीची उसळ भरपूर, रस्सा पातेल्याच्या तळातून डावाने घ्या. वर तरंगणारी तर्री एकच चमचा, शेवटी, मधोमध. मसाल्याचा रंग-वास तेलात उतरलेला असतो, त्यामुळे तेवढी पुरते. फरसाण १५ ग्रॅम, तेही खायला बसल्यावर; आधी घातलं तर भिजतं आणि पुन्हा घ्यावं लागतं. पाव एक.

वडापाव घरी करू नका. एकासाठी म्हणून दहा वडे होतात, वर कढईतला चुराही खाल्ला जातो. बाहेर जाऊन गरम एक खा, उभ्याने, तिखट चटणी लावून, आणि ते त्या वेळचं खाणं समजा. एअर फ्रायरमध्ये बेसनाचं पातळ आवरण बसायच्या आत ओघळतं, त्या वाटेला जाऊ नये.

भजी मात्र घरी मापात होतात. एक मध्यम कांदा उभा पातळ चिरा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेल्या पाण्यातच मावेल एवढं बेसन घाला, तीन मोठे चमचे बास. वरून पाणी नको, सोडा नको. सोड्याने भजी हलकी होतात पण तेलही जास्त पितात. तेल तापलं का ते पिठाचा थेंब टाकून पाहा. तो लगेच वर आला पाहिजे. तळाशी बसून राहिला तर भजी तेलाने ओथंबतील. एकाच वेळी कढई भरली तरी तेल थंड होऊन तेच होतं.

महिन्याचं तेल आणि ठरलेले दिवस

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या आहारासाठी रोज २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांना महिन्याला हे साडेतीन लिटर होतं, तूप आणि तळण धरून. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर कोणता पदार्थ सोडायचा यावर भांडण्याआधी फोडणीची पळी बदला.

आवडीचे पदार्थ आठवड्यात दोन ठरलेल्या दिवशी, जेवणाच्या जागी घ्या, जेवणानंतर नाही. गोडाचं उलटं: लाडू किंवा बर्फीचा एक तुकडा जेवण झाल्यावरच, रिकाम्या पोटी एकावर थांबता येत नाही. होळीला पुरणपोळी खा, दूध किंवा एक चमचा तुपाबरोबर. त्या दिवशी भात आणि भजी सोडा, कटाची आमटी नको सोडायला.

लग्नात किंवा दिवाळीत जास्त झालंच तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका, संध्याकाळी तीच खा-खा दुप्पट होते. नेहमीचा नाश्ता, नेहमीचा डबा. काट्यावर एका रात्रीत दीड किलो वाढलेलं दिसेल, त्यात बरंचसं खारट खाण्याने साठलेलं पाणी असतं आणि ते दोन-तीन दिवसांत उतरतं. वजन आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी करा. सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहूच नका.