लाल रेघ न उमटणाऱ्या स्पेलिंगच्या चुका: या टाळा

इंग्रजीत सारख्या उच्चाराच्या दोन शब्दांपैकी भलताच लिहिला, तर स्पेलचेकला ही चूक सापडत नाही, कारण चुकून लिहिलेला शब्दही कोशात असतोच. देवनागरीत तर अशा जोड्या एकसारख्याच लिहिल्या जातात, तेव्हा कानावरही भिस्त ठेवता येत नाही.

सर्वांत जास्त घोळ ‘प्रिन्सिपल’चा. शेवटी पी-ए-एल असलेला शब्द विशेषणही आहे आणि नामही: मुख्य, प्राचार्य, कर्जाचे मुद्दल. पी-एल-ई वाला मात्र फक्त नाम, अर्थ तत्त्व. त्या जागी ‘मुख्य’ घालून पाहा. वाक्य टिकले तर बेलाशक ए-एल. मुद्दल इथे कसे आले? मूळ प्रयोग ‘मुख्य रक्कम’ असा. ‘रक्कम’ गळाली आणि विशेषणच नाम होऊन बसले. दोन्ही शब्द लॅटिन ‘प्रिन्सेप्स’च्या घरातले, त्यामुळे इथे व्युत्पत्ती फारशी सोडवत नाही, व्याकरणच सोडवते.

‘स्टेशनरी’त उलट. मध्ययुगीन युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ. विद्यापीठाजवळ एका जागी दुकान थाटून पुस्तके विकणारा तो स्टेशनर. लंडनमध्ये १४०३ साली या धंद्यातल्या लोकांचा संघ झाला, १५५७ साली त्याला राजसनद मिळाली. ‘स्टेशनर’च्या शेवटी ई-आर आहे, त्याला वाय जोडला की वह्या-पेनांचे स्पेलिंग तयार. ए-आर-वाय म्हणजे जागचा न हलणारा. पाटीवर ए आला तर दुकान ‘स्थिर’ ठरते. इतिहासाला धरून असले तरी स्पेलिंग चुकलेच.

‘कॉम्प्लिमेंट’मध्ये एल नंतर आय असेल तर प्रशंसा, ई असेल तर पूरक भाग. ‘कम्प्लीट’मधला ई लक्षात ठेवा. हॉटेलचा फुकट नाश्ता आय वाला. भूमितीतले कोटिकोन, म्हणजे ज्यांची बेरीज ९० अंश होते ते दोन कोन, ई वाले. मराठी पुस्तकांत ‘पूरक कोनां’ची बेरीज १८० अंश असते आणि त्यांना इंग्रजीत ‘सप्लिमेंटरी’ म्हणतात, तिथे गफलत नको.

‘डिस्क्रीट’चे दोन ई शेजारी असतील तर अर्थ ‘गाजावाजा न करणारा’. मध्ये टी आला तर ‘सुटे, वेगवेगळे’. टीने दोन्ही ई वेगळे केलेत, हीच खूण. फसवतो तो ‘डिस्क्रेशन’: त्यात एकच ई, म्हणून तो ‘सुटे’वाल्याचा वाटतो, पण तारतम्य हा त्याचा अर्थ पहिल्याशी जुळतो.