मोटर पंपाच्या विजेमागं हवेत किती कार्बन सुटते, त्याचा हिशोब काढाचा कसा

आपल्याकडं शेतातल्या बऱ्याच मोटरींले मीटरच नाई, बिल एचपीवर येते, म्हणून युनिट स्वतःच काढा लागते. १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, अन् १ किलोवॅट तासभर चालला का १ युनिट; ५ एचपीचे ३.७३ होते, पण मोटर काही वीज वाया घालवते, तर तासाला साडेचार युनिट धरा. चंद्रपूर, कोराडी सारी कोळशावरची वीज, पण ग्रिडमंधी (देशभराच्या विजेच्या जाळ्यात) जलविद्युत, सोलरबी मिसळते, म्हणून देशाची सरासरी घ्या, युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड.

आता मोबाइलवर एक्सेल शीट उघडा अन् तास, युनिट, किलो असे तीन कॉलम करा. हरभऱ्याले ओलिताचे १०० तास झाले तर ४५० युनिट, म्हणजे ३१५ किलो, बस एवढंच मॉडेल. डिझेल लिटरमागं २.७ किलो सोडते अन् ५ एचपीचं इंजिन तासाला लिटरभर पिते, म्हणजे विजेची मोटर अन् डिझेल इंजिन दोघांत लय फरक नाई, लोकायले हे पटत नाई ते अलग!

मग आकडे बदलून पाहा, ठिबकनं तास ७० झाले तर २२० किलोच. तास मात्र अंदाजानं टाकू नका, लाइन ८ तास असली तरी मोटर तेवढी चालतेच असं नाई, वहीत लिहून ठेवा. सोलर पंप असंन तर चालवताना शून्य.