पक्षाघातानंतरचा घरचा व्यायाम : मोबाइलचा खरा उपयोग

डिस्चार्जच्या वेळी फिजिओथेरपिस्ट व्यायाम दाखवतात, आपण माना डोलावतो आणि घरी आल्यावर हात नेमका कुठून धरायचा होता यावर वाद सुरू होतो. म्हणून त्यांची परवानगी घेऊन प्रत्येक व्यायामाचा छोटा व्हिडिओ तिथेच काढून घ्या, रुग्णाच्याच हातापायावर. यूट्यूबवरचे व्यायाम सरसकट करू नका. प्रत्येकाचा लकवा वेगळा असतो.

घरी दर आठवड्याला एक व्हिडिओ काढा. मोबाइल स्टँडवर किंवा डब्याला टेकवून, खुर्चीच्या उंचीवर, बाजूने. जागा आणि उजेड दर वेळी तोच. पेला उचलताना खांदा कानाकडे चढतो का, धड एका बाजूला झुकतं का, हे समोर उभं राहून सुटतं, व्हिडिओत स्पष्ट दिसतं. हीच क्लिप थेरपिस्टला पाठवली की फोनवरचं अर्धं वर्णन वाचतं. मात्र चांगल्या फ्रेमसाठी लुळा हात ओढून वर करू नका, खांदा दुखावतो.

एकाच वेळी लांबलचक व्यायाम नको. थोड्या थोड्या व्यायामासाठी दिवसात तीन-चार अलार्म लावा, एका दमात केला तर थकवा फार येतो. बोलणं अडखळत असेल तर घरातल्यांची नावं आणि नेहमीचे शब्द व्हॉइस नोटमध्ये भरून ठेवा, नातवाच्या आवाजात असतील तर आजोबा जास्त मनावर घेतात!

उभं राहून करायच्या व्यायामाला स्क्रीनवर नको, माणसावर नजर ठेवा. तोंड पुन्हा वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं अचानक बिघडलं, तर व्हिडिओ पाठवत बसू नका, थेट १०८ लावा.