उसाच्या फडात पर्णक्षेत्र मोजताना

एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पान उभं आहे, म्हणजे पर्णक्षेत्र निर्देशांक, तो सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांवरून काढायचा, हा माझा एमएस्सीचा विषय होता. पीक सांगली जिल्ह्यातला आडसाली ऊस. या विषयात नव्याने येणाऱ्यांना, मला उशिरा कळलेलं आधीच सांगून ठेवते.

एनडीव्हीआय, म्हणजे लाल आणि अवरक्त परावर्तनातून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक, जानेवारी २०२२च्या सुरुवातीला ०.८७ होता, तो फेब्रुवारीत ०.६२ दिसला. पीक वाळलं म्हणावं, तर शेतकऱ्याच्या वहीत पाणी, खत सगळं वेळच्या वेळी. महिनाभर शोधल्यावर कारण सापडलं. २५ जानेवारी २०२२पासूनच्या प्रतिमांत प्रत्येक आकड्यात १००० वाढवलेले असतात. ते वजा करून मग १०,०००ने भागायचं. मी नुसतीच भागत होते. त्यामुळे लाल पट्ट्यातलं ०.०३ परावर्तन ०.१३ झालं, अवरक्तातलं ०.४५ झालं ०.५५. तेव्हा आधी प्रतिमेची प्रक्रिया-आवृत्ती बघा, मॉडेल नंतर.

एनडीव्हीआयवर फार विसंबूही नका. पर्णक्षेत्र साधारण तीनच्या पुढे गेलं की तो हलेनासा होतो. ७०५ ते ७८३ नॅनोमीटरमधले, लाल आणि अवरक्ताच्या सीमेवरचे रेड-एज पट्टे तिथे जास्त कामाचे, पिक्सेल २० मीटरचा असला तरी.

खरी कसोटी प्रोसेल मॉडेलची. पर्णक्षेत्र, हरितद्रव्य, पानांचा कल, माती, सूर्याचा कोन दिला की ते परावर्तन देतं. आपल्याला उलटं हवं असतं, आणि उलट्या वाटेला एक उत्तर नसतं. थोडी पण आडवी पानं आणि पुष्कळ पण उभी पानं, दोन्हींचं परावर्तन जवळपास सारखं येऊ शकतं. यातलं खरं कुठलं, हे संगणक सांगू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक घटकाची मर्यादा शेतात मोजूनच घालावी लागते.

म्हणून फडात जा. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, उसाचं पान हात कापतं. कॅनोपी अ‍ॅनालायझर, म्हणजे पानांखालचा उजेड मोजून पर्णक्षेत्र काढणारं हातातलं यंत्र, उन्हं वर यायच्या आत चालवा, त्याला पसरलेला उजेड लागतो. बांधापासून दोन पिक्सेल तरी आत उभे राहा.

माझ्या नकाशात एका फडाचा सखल कोपरा काही केल्या जुळत नव्हता. उपग्रहाचा आकडा एक, हातातल्या यंत्राचा दुसरा. शेतकरीकाका म्हणाले, "तिथं चोपण हाय की. खाली वाकून बघा." पाचट बाजूला सारली, तर ओळींमधली जमीन मिठाने पांढरी पडलेली. मी मॉडेलला सगळीकडे काळ्या मातीचं परावर्तन दिलं होतं. त्या पांढऱ्या मातीचं परावर्तन वेगळं मोजून घातलं, तेव्हा कुठे त्या कोपऱ्याचे दोन्ही आकडे जवळ आले.