सवलतीतलं शाईपेन ऑनलाइन घेताना या चुका टाळा

दिवाळीचे सेल संपले की पंधरवड्यात, आणि मग पुन्हा परीक्षांच्या तोंडावर, माझ्या टेबलावर पेनं जमायला लागतात. सोबत ठरलेलं वाक्य असतं, "काका, नवंकोरं आहे, पण लिहीतच नाही." त्यातली बरीचशी पेनं धडधाकट असतात. चूक घेताना झालेली असते, नाहीतर खोकं उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदा लिहून काढतो.

टक्के बघून पेन घेणं

छापील किंमत म्हणजे ज्याच्यापेक्षा जास्त घेता येत नाही ती किंमत. ती कितीही मोठी छापायला कोणी अडवत नाही. खोक्यावर २,९९९ छापा, पेन ४४९ ला विका, झाली ८५ टक्के सवलत. तेच पेन वर्षभर ४४९ लाच मिळत असतं. घड्याळाचे उलटे आकडे आणि 'फक्त दोन शिल्लक' हे बघून ज्यांचा हात थरथरतो, त्यांनी आधी चहा प्यावा.

माझी पद्धत जुनाट आहे. आधी पेन ठरवतो, मग त्याची किंमत दोन-तीन ठिकाणी बघून वहीत लिहून ठेवतो. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात, मुंबईत असाल तर अब्दुल रहमान स्ट्रीटवर एखाद्या दुकानात विचारा. दुकानदार हातात पेन देतो, बुडवून लिहून बघू देतो, आणि कधीकधी भाव ऑनलाइनच्या आसपासच निघतो.

खरी सवलत नसतेच असं मी म्हणत नाही. लॅमी कंपनी दरवर्षी आपल्या सफारी या पेनाचे खास रंग काढते, ते वर्ष उलटलं की उतरत्या भावात मिळतात. मीडियम किंवा ब्रॉड, म्हणजे जाड लिहिणाऱ्या, निबचा माल पडून राहतो, तोही स्वस्त होतो. याउलट राजमहेंद्रीचं रत्नम किंवा तिरुवल्लूरचं रंगा यांची हाताने घडवलेली एबोनाइटची (कडक रबराची) पेनं कोणी अनोळखी विक्रेता 'सत्तर टक्के सूट' म्हणून विकत असेल तर मी पान बंद करतो.

निबवरची अक्षरं वाचून हुरळणं

'१८ केजीपी' म्हणजे अठरा कॅरेटचा मुलामा. आत पोलाद असतं. 'इरिडियम पॉइंट जर्मनी' एवढ्या छापावरून निब जर्मनीत बनली असं ठरत नाही. कितीतरी चिनी पेनांवर तो शिक्का असतो. पोलादी निब वाईट नसते, मी रोज तिनेच लिहितो. पण पाचशे रुपयांत सोन्याची निब मिळाली असं सांगत कोणी आलं की काय बोलावं सुचत नाही.

नकली सफारी

सफारीच्या नकला बाजारात भरपूर आहेत. रंग हुबेहूब, क्लिप हुबेहूब. मी फोटोंवर जात नाही, कार्ट्रिज (शाईची तयार भरलेली नळी) काय बसतं ते विचारतो. असली सफारीला लॅमीचं स्वतःचं टी-१० कार्ट्रिज आणि झेड-२८ कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून भरायची नळी) लागतो, सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय मापाचं बसत नाही. वर्णनात 'कोणतंही स्टँडर्ड कार्ट्रिज चालेल' असं लिहिलेलं दिसलं तर समजून जा.

याच पेनाची दुसरी तक्रार मात्र अगदी निरागस असते. नव्या सफारीत कार्ट्रिज टोचलं जाऊ नये म्हणून पुढचा भाग आणि नळी यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कडी घातलेली असते. लोक ती तशीच ठेवून लिहायला बसतात आणि एक स्टार देऊन मोकळे होतात. कडी काढा, नळी घट्ट आवळा, निब खाली करून दोन मिनिटं थांबा.

कन्व्हर्टरचा खर्च न धरणं

पार्करचं माप वेगळं, पायलटचं वेगळं, लॅमीचं वेगळं. चिनी पेनांत २.६ आणि ३.४ मिलिमीटर अशी दोन तोंडं चालतात. कन्व्हर्टर सोबत येतो का, हे वर्णनात स्पष्ट नसेल तर 'येत नाही' असं धरून हिशेब करा. पुष्कळदा सवलतीतले पैसे तिथेच जातात.

आल्या आल्या शाई भरणं

हा माझा सगळ्यात आवडता राग. पेन येतं, खोकं फाडलं जातं, पेन शाईने गच्च भरलं जातं, आणि मग लक्षात येतं की निब कागद ओरबाडते. आता परत पाठवायला जा. विक्रेता म्हणणार 'वापरलेली वस्तू', आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. माझ्या भाचीचं असंच झालं. निबची दोन पाती खालीवर होती, नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. बाई आधी तीन पानं लिहून मोकळ्या झालेल्या, पेनाची जीभ (निबखालचा, शाई पुरवणारा भाग) निळीशार. परतावा नाकारला गेला.

शाईआधी भिंग. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, फार महाग नसतं. निब समोरून बघायची: दोन्ही पाती एका पातळीत हवीत, चीर टोकापर्यंत सरळ हवी. टोपण नीट बसतं का, आटे घसरत नाहीत ना, नळीला तडा नाही ना, हे बघायचं. मग निब साध्या पाण्यात बुडवून कागदावर रेघा मारायच्या. खरखर असेल तर पाण्यानेही कळते. दोष असेल तर पुसून खोक्यात, आणि त्याच दिवशी परतीची मागणी. परतीची मुदत बहुतेक आठवडाभराचीच असते, त्यामुळे 'रविवारी निवांत बघू' हे चालत नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरू करा, मध्ये थांबवू नका.

पेन पास झालं की कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून आतून धुवायचं, मग नुसत्या पाण्याने, मग रात्रभर वाळवायचं. नव्या निबवर आणि जिभेवर कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं. सुरुवातीला अडखळणारी निम्मी पेनं एवढ्यानेच सरळ होतात. "एक रात्र थांबू?" असं विचारणाऱ्यांना मी बॉलपेन देतो.

वॉटरप्रूफ शाई

आमच्या इमारतीतला एक मुलगा आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होता. सेलमध्ये सफारी घेतली, असली होती, भावही चांगला मिळाला. खाली 'यासोबत लोक हेही घेतात' म्हणून काळ्या शाईची स्वस्त बाटली दिसली. वर लिहिलेलं 'वॉटरप्रूफ'. पावसात वही भिजली तरी अक्षर टिकेल असा त्याचा विचार. ती ड्रॉइंग इंक होती.

ड्रॉइंग इंकमध्ये काजळी असते, आणि ती कागदाला धरून राहावी म्हणून लाखेसारखा चिकट पदार्थ असतो. टाकाने किंवा कुंचल्याने वापरायची ती शाई, काम झालं की निब धुऊन पुसायची. शाईपेनाच्या जिभेत मात्र अगदी बारीक खाचा असतात. त्यांतून शाई खाली येते आणि तिची जागा घ्यायला हवा वर जाते. त्या खाचांत ही शाई एकदा सुकली की पाण्याने विरघळत नाही.

पहिले काही दिवस पेन झकास चाललं. वर्गात आणखी दोघांनी तीच बाटली मागवली. मग हा सुट्टीत गावी गेला, पेन तसंच टोपण लावून ठेवलेलं. परत आला तर एक रेघ उठेना. इथवर आणलं असतं तरी काहीतरी करता आलं असतं. पण याने मोबाइलवर उपाय शोधले. आधी उकळतं पाणी, मग बहिणीचं नेलपॉलिश रिमूव्हर. त्यात ॲसिटोन असतं, आणि सफारीचं एबीएस प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळतं. पेन माझ्यापुढे आलं तेव्हा धरायची जागा जिलबीसारखी चिकट झाली होती, वर अंगठ्याचा ठसा. कन्व्हर्टरचा दट्ट्या जागीच थिजलेला. सफारीची निब चिकटपट्टी लावून ओढली की सुटते, ती काढली. पाण्यात थोडा अमोनिया घालून रात्रभर ठेवली, स्वच्छ झाली. जीभ मात्र गेली. ती निब आता त्याच्या दुसऱ्या सफारीवर आहे, आणि ती सफारी त्याने पूर्ण किमतीला घेतली.

बाटलीवर 'फाउंटन पेन इंक' हे शब्द नसतील तर ती शाईपेनात घालायची नाही, मग रंग कितीही सुंदर असो. सुरुवातीला कॅम्लिनची रॉयल ब्लू, सुलेखा किंवा पार्कर क्विंक, यापलीकडे जाऊ नका. न पुसणारीच हवी असेल तर प्लॅटिनमच्या कार्बन ब्लॅकसारख्या खास शाईपेनासाठी केलेल्या शाया आहेत, पण पेन रोज चालणार असेल तरच.

आता भराभर

जपानी फाइन निब युरोपातल्या फाइनपेक्षा बारीक लिहिते. मराठी लिहिणाऱ्यांनी हे आधी बघावं. जाड निबने अरुंद ओळींत लिहिलं की 'ष'चं पोट भरतं आणि अनुस्वाराचा डाग होतो.

'कॅलिग्राफी सेट'मधल्या निबा सरळ कापाच्या असतात, देवनागरीचा बोरू तिरका कापतात. मनासारखं वळण येणार नाही, पेनाला दोष देऊ नका.

शाई फुटली, मागच्या पानावर उतरली, तर आधी वही बदला.

निबच्या चिरेत ब्लेड घालू नका. पॉलिश पेपरवर निब घासू नका. व्हिडिओतला माणूस करतो ते त्याने आधी कित्येक निबा खराब करून शिकलेलं असतं.

एबोनाइटच्या पेनाला रबरासारखा वास येतो, तो दोष नाही.

ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई तळाशी गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि थेंब पडतो. एक तृतीयांश उरली की पुन्हा भरा. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको.

घरपोच पार्सल आलं त्या दिवशी, खोक्याच्या फोटोसकट दिलेले पाच स्टार मी वाचतच नाही. हस्ताक्षराचा नमुना टाकलेले तीन स्टारवाले अभिप्राय वाचतो. ते त्याच मॉडेलबद्दल आहेत ना हेही बघतो, कारण एकाच पानावर वेगवेगळ्या पेनांचे अभिप्राय एकत्र केलेले असतात.

परदेशी पेनाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, बनलेला देश, छापील किंमत आणि महिना-वर्ष असायला हवं. नसेल तर शाई भरायच्या आत फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. तो टोलवाटोलवी करायला लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोन करताना बिल आणि ऑर्डर क्रमांक समोर ठेवा, आणि पेन कोरडं ठेवा.